बंड्या कुणाकडे राहणार?

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद पेटला तो बंड्यावरून. आमच्यातले नितीन आणि स्नेहा परस्परसंमतीने वेगळे होतायत. फ्लॅट, लोन, दागिने, सगळं ठरलं. अडलंय ते बंड्या कुत्रा आणि चिंगी मांजर यांच्यावर.

"लायसन्स माझ्या नावावर आहे. महापालिकेतून मीच काढलं," नितीन म्हणाला.

मंदार वकिली करतो. "कोर्टात त्याचा उपयोग होईल. आपल्या कायद्यात पाळलेला प्राणी म्हणजे जंगम मालमत्ता. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ मुलांच्या ताब्याचं आहे, कुत्र्याचं नाही."

"मालमत्ता दारात वाट बघत बसते का रे?" विद्या भडकली. "२०२३ मध्ये आपल्या वांद्र्याच्याच दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवताना एका बाईच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा विचार केला होता. स्पेनमध्ये तर २०२२ पासून न्यायाधीश प्राण्याचं हित बघून निर्णय देतात."

"ती अंतरिम पोटगी होती, ताबा नव्हे," मंदार म्हणाला. तेही खरंच.

मला राहवेना. बंड्या वस्तू नाही हे उघड आहे, पण तो मूलही नाही. बाबा रविवारी येईल, हे मुलाला समजावता येतं. बंड्याला काय सांगणार? स्नेहा माहेरी गेल्यावर मी नितीनकडे गेलो होतो. मजल्यावर लिफ्ट थांबली की बंड्या उठायचा, दाराच्या फटीला नाक लावून हुंगायचा. शेजारच्यांची पावलं निघाली की परत गोधडीवर. स्नेहाच्या जुन्या साड्यांची गोधडी आहे ती. ताटलीतला दहीभात तसाच. चिंगी त्याच्या पोटाशी मुटकुळं करून पडलेली.

म्हणून मी नितीनला सरळ विचारलं, "सकाळी सहाला त्याला खाली कोण न्यायचं? पार्व्होचा आजार झाला तेव्हा परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात सलाइन संपेपर्यंत त्याचा पाय धरून कोण बसलं होतं?"

तो बराच वेळ पार्कातल्या क्रिकेटकडे बघत राहिला. "स्नेहा," म्हणाला. मग लगेच, "तिच्या आईच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही."

"असा नियम सोसायटीला करताच येत नाही," मंदार म्हणाला. "प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलंय."

"मग चिंगी तरी मला राहू दे."

इथे विद्या आणि मी एकदमच नाही म्हणालो. एक तुला, एक मला, ही भांड्यांची वाटणी झाली. ती दोघं चार वर्षं एकमेकांना चिकटून झोपलीयत. माणसांचं फाटलं म्हणून त्यांचंही का फाडायचं? नितीनचे डोळे भरले. त्याचाही जीव आहेच की त्यांच्यावर, म्हणून तर भांडतोय. पण आपला जीव आहे आणि आपण सांभाळलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी मंदारने फोनवर टिपून घेतलं: दोघं स्नेहाकडे. लसीकरण आणि डॉक्टरचा खर्च निम्मा निम्मा. लायसन्स तिच्या नावावर. दर रविवारी सकाळी बंड्या नितीनबरोबर. "हे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी समझोत्यात घालायचं. तोंडी ठेवलंत तर वर्षभरात पुन्हा भांडाल."

उठता उठता नितीनने विचारलं, "गोधडी धुऊन देऊ ना?"

"नको," विद्या म्हणाली. "वास राहू दे तिला."