बावीस हजारांचा राउटर घ्यायच्या आधी

गेल्या महिन्यात आमच्या घरी बावीस हजारांचा राउटर येणारच होता. कार्टमध्ये टाकून झाला होता, सहा महिन्यांचा हप्ता किती बसतो तेही बघून ठेवलं होतं. गरज खरी होती. मुलगा बारावीला आहे, त्याचा क्लास संध्याकाळी ऑनलाइन असतो आणि आतल्या बेडरूममध्ये सरांचा आवाज तुटायचा. गणित अर्ध्यावर आलं की चित्र थिजायचं, आणि परत सुरू व्हायचं तेव्हा फळा पुसलेला असायचा. त्याच वेळी हॉलमध्ये ह्यांची ऑफिसची मीटिंग. रोज संध्याकाळी सात वाजता घरात चिडचिड ठरलेली.

नणंदेचा मुलगा कॉम्प्युटरमधला आहे. तो म्हणाला, "मामी, आठ अँटेनावाला घेऊन टाका, विषय संपला." त्याने आपुलकीनेच सांगितलं. पण मी वीस वर्षं हिशेब तपासणीचं काम करते. पैसे कुठे गळतात ते सापडल्याशिवाय नवीन खर्चाला सही करायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून एक रविवार मागून घेतला आणि घरभर लॅपटॉप घेऊन फिरले. त्या रविवारी जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या चार घरांत सध्या हाच विचार चालू आहे.

आमचं डोंबिवलीतलं दोन बेडरूमचं घर. फायबर मुख्य दारावरून आत येतं, दाराशेजारीच कंपनीने दिलेला डबा भिंतीवर आहे. त्याच्यापुढे आम्ही २०१९ मध्ये घेतलेला आमचा राउटर, टीव्हीच्या युनिटमध्ये, लाकडी दाराच्या आत. सुताराने तशी जागाच करून दिली होती, वायरी दिसू नयेत म्हणून. प्लॅन २०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट वेगाचा.

आधी लॅपटॉप वायरने आमच्या राउटरला जोडला आणि वेग मोजला. ९४. वायफाय बंद, मधे भिंत नाही, तरी २०० चे ९४. मग तीच वायर काढून थेट कंपनीच्या डब्यात लावली. १९७. म्हणजे लाइन अगदी ठणठणीत होती. आमच्या राउटरची पोर्टं, म्हणजे वायर लावायच्या जागाच, १०० एमबीपीएसची होती, आणि अशा पोर्टमधून हातात ९४-९५ च्या वर काही येत नाही. आम्ही प्लॅन वाढवला, दर महिन्याला जास्त पैसे भरले, आणि अर्धा वेग दोन वर्षं त्या पोर्टाशीच थांबत राहिला. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

इथे आणखी एक गोष्ट तपासून घ्या. नेटच्या वायरीत आत आठ तारा असतात. १०० च्या वेगाला चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० च्या वेगाला, आठही लागतात. जोडणी करणारा माणूस घाईत चारच तारा वायरीच्या टोकाच्या क्लिपमध्ये बसवून गेला, किंवा आतली एखादी तार तुटलेली असली, तरी नेट चालतं, दिवा लागतो, आणि वेग गुपचूप १०० च्या खाली अडकतो. तुमचाही आकडा नेमका ९४ च्या आसपास येत असेल, तर राउटरच्या जाहिराती बघायच्या आधी ती क्लिप उजेडात धरून बघा. पारदर्शक असते, तारा मोजता येतात.

पण मुलाचा त्रास ह्याने सुटणार नव्हता. ९४ सुद्धा क्लासला भरपूर आहे. नेटफ्लिक्स स्वतः फोरके चित्राला १५ एमबीपीएस आणि फुल एचडीला ५ पुरे म्हणतं. एक टीव्ही, दोन मीटिंग, एक क्लास, सगळं एकदम चाललं तरी आमचं घर ४० च्या पुढे जात नाही. म्हणजे वेग उंबऱ्याशी होता, तो बेडरूमपर्यंत पोचत नव्हता.

हे ताडून बघायला पिंग कामी आलं. पिंग म्हणजे एक छोटी हाक पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडायची आणि आपल्या राउटरच्याच पत्त्यावर पिंग द्यायचं, आमच्याकडे तो १९२.१६८.१.१ आहे. राउटरशेजारी बसून उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत येत होतं. मुलाच्या टेबलावरून तेच कधी ८, कधी ३००, आणि मधेच उत्तरच नाही. हा प्रवास घरातल्या घरातला, बाहेरच्या इंटरनेटचा त्यात काही संबंध नाही. दोष कुठे आहे ते तिथेच ठरलं. उलट तुमच्या घरी हे उत्तर शांतपणे येत असेल आणि बाहेरच्या पत्त्यावर पिंग दिल्यावर उड्या मारत असेल, तर दोष लाइनचा. मग पन्नास हजारांचा राउटर आणलात तरी काडीचा फरक पडणार नाही. तक्रार नोंदवा, आणि नोंदवताना वायरने मोजलेला आकडा सांगा. वायफायवरचा आकडा सांगितला की "मॅडम, तुमचं वायफाय वीक आहे" एवढं बोलून फोन ठेवतात.

आमच्या युनिटपासून मुलाच्या टेबलापर्यंत मधे काय काय आहे ते मी कागदावर काढलं. युनिटचं लाकडी दार, टीव्हीचा मागचा पत्रा, एक आरसीसी कॉलम, बाथरूमच्या दोन टाइल लावलेल्या भिंती, आणि शेवटी आरशाचं लोखंडी कपाट. बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झच्या. ५ गिगाहर्ट्झची लहर ह्यातून जाता जाता संपते. मग फोन आणि लॅपटॉप आपोआप २.४ वर जातात. ती भिंती जास्त चांगल्या पार करते, पण तिथे सगळ्या बिल्डिंगची गर्दी. त्या पट्टीत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनल, तीनच, १, ६ आणि ११. मी फोनवर बघितलं तर आमच्या बेडरूममधून एकतीस वायफाय दिसत होती. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही ह्याच पट्टीत चालतो.

आता त्या आठ अँटेनांबद्दल. लोक समजतात की महाग राउटर म्हणजे जास्त जोर. पण किती जोराने प्रक्षेपण करायचं ह्याला सरकारी मर्यादा आहे, २.४ गिगाहर्ट्झसाठी भारतात ती ४ वॉट आहे, आणि ती स्वस्त-महाग सगळ्यांना सारखीच लागू. शिवाय वायफाय हे दोन्हीकडचं बोलणं आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनला उत्तर त्याच्या लहानशा बॅटरीवरच द्यायचं असतं, आणि ते उत्तर राउटरपर्यंत पोचलं नाही तर हाक फुकट. जास्त अँटेनांचा उपयोग आहे, हलकं उत्तर ऐकायला त्या थोडी मदत करतात. पण आपल्या बहुतेक फोनना वायफायसाठी दोनच अँटेना असतात, त्यामुळे आठांचा पुरा फायदा घेणारं घरात काही नसतं.

खोक्यावरचे आकडे तर वाचून सोडून द्या. एएक्स३००० म्हणजे ३००० एमबीपीएस नव्हे. २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२, दोन्ही पट्ट्यांचे कागदावरचे वेग बेरीज करून तो आकडा केलेला असतो. तुमचा फोन एका वेळी त्यातल्या एकाच पट्टीवर असतो, आणि मागचं पोर्ट गिगाबिटचं असेल तर बाहेरून आत ९४० च्या आसपासच येऊ शकतं. अशी बेरीज आमच्या धंद्यात कुणी ताळेबंदात दाखवली तर मी ती नामंजूर करीन.

वायफाय ७ चंही, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचंही, असंच नीट समजून घ्या. त्याची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल, आणि तो फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्टीत बसतो. अमेरिकेने ती पट्टी एप्रिल २०२० मध्ये खुली केली, पूर्ण १२०० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा काढला तो फक्त खालच्या ५०० चा, म्हणजे ५९२५ ते ६४२५, आणि तोही कमी शक्तीच्या वापरासाठी. ५०० मध्ये ३२० चा एकच चॅनल मावतो. इथे विकले जाणारे कितीतरी वायफाय ७ राउटर २.४ आणि ५ ह्या दोनच पट्ट्यांचे असतात. ते वाईट नसतात, पण ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ती त्यात नसते. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येताना एक आणतो म्हणाला, त्यालाही मी नको सांगितलं. तिथला राउटर तिथल्या पट्ट्यांच्या हिशेबाने बनवलेला, आणि बिघडला तर इथे वॉरंटी मिळायची पंचाईत.

मग आम्ही काय केलं? इलेक्ट्रिशियनला बोलावून दारापासून पॅसेजपर्यंत बारा मीटर कॅट ६ वायर, म्हणजे गिगाबिटला चालणारी नेटची वायर, प्लास्टिकच्या पट्टीतून छताच्या कडेने नेली. राउटर पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या वर, मोकळ्यावर. तिथून दोन्ही बेडरूमना एकेकच भिंत आडवी येते. राउटर साधा वायफाय ६ चा, आधीच्या पिढीचा, घेतला, सगळी पोर्टं गिगाबिटची आहेत एवढं पक्कं बघून. तो ३,२०० ला पडला, वायर आणि मजुरी मिळून १,१५०. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करून टाकलं, नाहीतर फोन त्यालाच चिकटून बसतात. मुलाच्या टेबलावर आता ५ गिगाहर्ट्झवर १२० ते १४० मिळतात. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पिंग ५ मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. त्याला क्लास आता नीट ऐकू येतो.

माहेरची गोष्ट मात्र मनाला जास्त लागली. साताऱ्याजवळ आमचं जुनं घर आहे, काळ्या दगडाच्या दीड हात रुंदीच्या भिंती. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, माडीवर झोपतात. नातीशी व्हिडिओ कॉल करायचा तर काठी टेकत जिना उतरून ओसरीवर यायचे, पावसाळ्यात सुद्धा. दादाने त्यांच्यासाठी म्हणून अठरा हजारांचा राउटर आणला आणि माजघरात ठेवला. ओसरीवर वेग तिप्पट झाला. माडीवर काहीच नाही. दगडाला किंमत कळत नाही. दादा मला फोनवर म्हणाला, "एवढे पैसे घातले, आणि बाबा अजून खालीच येतायत गं."

दिवाळीत गेले तेव्हा आम्ही दोघांनी जिन्याच्या कडेने वायर माडीवर नेली आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर काढला. सेटिंगमध्ये जाऊन त्याला ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तो फक्त वायफायने पुढे देतो, नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला. वायर, क्लिपा, सगळं मिळून सहाशे रुपये. त्या रात्री बाबा अंथरुणात बसून नातीशी बोलले. अठरा हजारांचं यंत्र उत्तम आहे, त्याचा दोष नाही. पण त्या घराला दोन ठिकाणी वायफाय हवं होतं, एका ठिकाणी भारी नव्हे.

महाग राउटर कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. घरात १ गिगाबिटचा प्लॅन आहे आणि त्याचा खरोखर वापर होतो, तीस-चाळीस उपकरणं आहेत, मोठ्या फाइली घरातल्या घरात एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात, अशांनी जरूर घ्यावा. भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाही, आणि घर लांबट आहे, तर तीन पट्ट्यांचा मेश संच, म्हणजे घरभर ठेवायचे आणि मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घेण्यात अर्थ आहे. एक पट्टी डब्यांच्या आपसातल्या बोलण्याला मोकळी राहते. स्वस्त दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये दुसऱ्या डब्याला ऐकायचं आणि पुढे सांगायचं एकाच पट्टीवर करावं लागतं, वेग निम्म्यावर येतो. वायर नेता येत असेल तर मात्र स्वस्त मेशही झकास चालतो.

थोडे जास्त पैसे मी एका गोष्टीसाठी आनंदाने देईन, ती म्हणजे अपडेट. राउटर हा चोवीस तास बाहेरच्या जगाला तोंड देणारा कॉम्प्युटर आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घुसखोरीने लाखो घरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदलले नव्हते. ज्या कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट वर्षानुवर्षं येतात तिचा राउटर हजार रुपये महाग असला तरी घ्या. आणि घेतल्या दिवशी पासवर्ड बदला, वायफायचा आणि आतल्या सेटिंगचा, दोन्ही.

उरलेल्या पैशांतून आम्ही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. लाइट गेली तरी डबा आणि राउटर दोन्ही दोन-अडीच तास चालतात. मागच्या आठवड्यात चाचणीच्या ऐन मध्यावर लाइट गेली आणि मुलगा मोबाइलच्या टॉर्चमध्ये पेपर सोडवत राहिला, नेट हललं नाही.

धाकट्या बहिणीला कल्याणला नव्या घराची किल्ली पुढच्या महिन्यात मिळते आहे. तिच्याकडे फर्निचरवाला येऊन युनिटचं माप घेऊन गेलाय, वायफायसाठी आत खण ठेवतो म्हणाला. मी परवा स्वतः जाऊन आले. खण रद्द केला. दारापासून पॅसेजपर्यंत आणि तिथून दोन्ही बेडरूममध्ये, लाइटच्या वायरींपासून वेगळा, एकेक पाइप भिंतीत टाकायला सांगितला, रंगकाम सुरू व्हायच्या आत. राउटर ती आल्यावर बघू.