सोलर प्लँट ढग पळवत नाही, तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

गावाकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. "शेतकरी बांधवांनो सावध व्हा" अशी सुरुवात आणि शेवटी दहा ग्रुपवर पाठवायची विनंती. त्यात म्हटलंय की सोलरच्या प्लेटा उष्णता वर फेकतात त्यामुळे ढग पांगतात आणि आजूबाजूच्या २५ किलोमीटरमध्ये पाच वर्षांत पाऊस बंद होतो, प्लेटांवरून ओघळणारं पाणी विषारी असल्याने जमीन नापीक होते, प्लेटांतून रेडिएशन येतं, प्लेट बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ती जन्मात परत देत नाही, आणि परदेशात सोलर बंद करून तो सगळा माल आपल्या गळ्यात मारताहेत.

असले मेसेज रोज येतात, मी उघडतही नाही. पण हा माझ्या चुलत्यांनी, अण्णांनी पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, "ग्रामसभेत विरोध करायचं ठरलंय, तुझं काय मत?" आमच्या शिवाराजवळ सबस्टेशन आहे, तिथे शेतीच्या पंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला छोटा प्लँट यायचं घाटतंय. अण्णांना फोनवर सांगून झालंय, पण तोच मेसेज शेजारच्या तीन गावांत पोचलाय म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पावसाचं आधी, कारण लोक घाबरलेत ते त्यालाच, आणि मराठवाड्यात पावसाच्या नावाने भीती घालणं हा माझ्या मते सरळ सरळ गुन्हा आहे.

देशातले दोन सगळ्यात मोठे सोलर पट्टे घ्या. एक राजस्थानात भडला, फलोदीजवळ, २,२४५ मेगावॅट, जवळपास १४,००० एकरांवर नुसत्या प्लेटा. दुसरा कच्छच्या रणातला खावडा, तिथे सोलर आणि पवनचक्क्या मिळून एकूण ३०,००० मेगावॅटचं काम चालू आहे आणि त्यातला बराच भाग सुरूही झालाय. प्लेटा पाऊस पळवत असतील तर या दोन ठिकाणी तो सगळ्यात आधी पळायला हवा, बरोबर? आता हवामान खात्याचा २०२४ च्या मान्सूनचा हिशेब बघा. खातं देशाचे ३६ उपविभाग करतं. त्या वर्षी सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहूनही जादा पाऊस, म्हणजे ज्याला ते 'लार्ज एक्सेस' म्हणतात, फक्त दोन उपविभागांत झाला. एक पश्चिम राजस्थान आणि दुसरा सौराष्ट्र-कच्छ. ३६ पैकी नेमके हेच दोन! भडला पहिल्यात आहे, खावडा दुसऱ्यात.

याचा अर्थ प्लेटांनी पाऊस आणला असा नाही, तसा मेसेज कोणी बनवला तर तोही खोटाच असेल. तिथला पाऊस अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी ठरतो, खाली वाळू आहे की काच याने तो ठरत नाही. आपल्याकडचं पण तेच. सह्याद्री आडवा असल्यामुळे मराठवाडा आणि नगर-सोलापूर पर्जन्यछायेत येतात, हे शाळेत शिकवलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात कुठल्या प्लेटा होत्या? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा लातूरभोवती कुठला सोलर पार्क उभा होता?

आता "उष्णता वर फेकतात" हे. इथे अर्धी गोष्ट खरी आहे ती मान्य करतो, नाहीतर कोणीतरी तीच लिंक घेऊन अंगावर येईल. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात २०१६ साली मोजमाप झालं, त्यात मोठ्या प्लँटमध्ये रात्रीचं तापमान बाजूच्या मोकळ्या माळापेक्षा ३ ते ४ अंशांनी जास्त निघालं. हा अभ्यास खरा आहे. पण तो प्लँटच्या आतल्या हवेचा आहे. त्याआधी २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच उष्णता किती लांब जाते ते तपासलं, तर ५ ते १८ मीटर उंचीवर ती विरून जाते आणि कडेने ३०० मीटरवर गेलं की फरक जवळजवळ संपतो. पावसाचे ढग असतात एक-दोन किलोमीटर वर. १८ मीटर म्हणजे एखादं मोठं नारळाचं झाड. म्हणजे प्लँटला अगदी चिकटून कोणाची पालेभाजी असेल तर त्याने कुंपणापासून अंतर मागून घ्यावं, इतपत ही गोष्ट आहे. २५ किलोमीटर कुठून आणले ते त्या मेसेजवाल्यालाच माहीत.

आणि उन्हाळ्यात आपली काळी जमीन नांगरून उघडी पडलेली असते तेव्हा ती काय थंड असते का? दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा. काळा रंग ऊन शोषतो, मग ती माती असो की प्लेट, उलट प्लेट त्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज करून तारेतून बाहेर नेते. शिवाय जमीन तापली की हवा वर चढते आणि वळीव येतो, हे तर आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहितीये, मग तापल्यामुळे ढग पळाले हे उलटं शास्त्र कुठलं? अख्ख्या सहारा वाळवंटात सोलर आणि पवनचक्क्या लावल्या तर काय होईल याचं काँप्युटर मॉडेल २०१८ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं होतं, त्यातही तिथला पाऊस वाढेल असंच निघालं. एवढ्या प्रचंड क्षेत्रावर इतरत्र काय परिणाम होतील यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, ते असू द्या. आपल्याकडच्या योजनेत प्लँट अर्ध्या मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंतचे आहेत. मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर ३ मेगावॅटला पंधरा एकर झाले. पंधरा एकरांनी मान्सून अडवायचा?

हे सगळं आपण आधी एकदा बघितलंय, फक्त विसरलोय. वीसेक वर्षांपूर्वी सातारा, सांगली, धुळ्याकडे हीच बोंब होती की पवनचक्क्या ढग पळवतात. त्यावेळी लागोपाठ दुष्काळ पडलेले आणि डोंगरावर नव्या पवनचक्क्या दिसायच्या, माणसाने दोन गोष्टी जोडल्या. पुढे २००५ ला आणि मग २०१९ ला सांगलीत महापूर आले. पवनचक्क्या होत्या तिथेच होत्या.

मला चीड कशाची येते ते सांगतो. या मेसेजमुळे गावाला काय नाकारायला लावताहेत हे कोणी बघतच नाही. शेतीला थ्री फेज, म्हणजे मोटार चालवणारी वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात डिसेंबरच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायला बाराला उठून जायचं, डोक्याला मफलर, हातात बॅटरी, चिखलात पाय. मोटारीला ऑटो (लाइट आली की आपोआप चालू करणारा) लावलाय म्हणून घरी झोपावं तर लाइट मधेच जाते, परत येते, तोपर्यंत बारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात. वाफ्याच्या कडेला साप असतो, विंचू असतो, आणि आता तर बिबट्या कुठल्या उसातून निघेल सांगता येत नाही. माणसं गेलीत यात. अण्णांचं वय आता सत्तरीकडे आलंय आणि ते अजून जातात. सौर कृषी वाहिनीचा मुद्दाच हा आहे की सबस्टेशनजवळ प्लँट टाकायचा, त्याची वीज तिथल्या तिथे शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाइनला द्यायची, म्हणजे पंप दिवसा चालतील. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्लँट वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅटचा. आपल्या भागातल्या कोणीही मोटारसायकल काढून जाऊन बघून यावं आणि तिथल्या शेतकऱ्यांना विचारावं, पंप कधी चालू करता. फॉरवर्डपेक्षा ते बरं.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो.

विषारी पाणी. प्लेटेवर वरून काच असते, आत सिलिकॉन, त्याभोवती प्लास्टिकचं सील. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं, तुमच्या खिडकीवरून ओघळतं तसंच, आणि खिडकीखालची तुळस मरत नाही. आत डागकामात थोडं शिसं असतं हे खरं, पण ते प्लेट फुटून वर्षानुवर्षं मातीत पडली तर प्रश्न. त्यासाठी २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटा घेतल्यात. फुटलेल्या प्लेटा कंपनी किती दिवसांत उचलेल हे करारात लिहून घ्या, तो रास्त आग्रह आहे. खाली जमीन नापीक होत नाही, गवत तर इतकं वाढतं की सावली पडू नये म्हणून कापत बसावं लागतं.

रेडिएशन. यावर काय बोलायचं? प्लेट डीसी करंट देते, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो, पन्नास हर्ट्झचा, घरातल्या पंख्याला येतो तोच.

प्लेट बनवायला लागलेली वीज परत मिळत नाही, हे मात्र शिकलेली माणसंही सांगतात म्हणून थोडं थांबतो. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात बनवायला लागलेली ऊर्जा साधारण वर्षभरात, फार तर दीड-दोन वर्षांत वसूल होते, आणि प्लेट चालते २५ वर्षं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीने, आयपीसीसीने २०१४ च्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब धरून आकडे दिलेत: कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मोठ्या सोलर प्लँटच्या एका युनिटमागे ४८ ग्रॅम. प्लेट बनवण्यातच सगळी वीज खर्च होत असती तर हा आकडा ४८ आला असता का?

परदेशात बंद करताहेत म्हणे. एकट्या चीनने २०२४ या एका वर्षात २७७ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) सोलर बसवलं. भारताने सगळं मिळून बसवलेलं मार्च २०२५ ला साधारण १०५ गिगावॅट होतं, आणि २०१४ मध्ये आपण तीन गिगावॅटच्याही खाली होतो. मध्य प्रदेशातल्या रेवाच्या ७५० मेगावॅटच्या प्लँटची काही वीज दिल्ली मेट्रोला जाते, त्याचा पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला होता. गळ्यात मारलेल्या मालाला असे भाव येत नाहीत.

इथे सरकारी जाहिरातीवरही एक शब्द बोलायला हवा. जून २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-कोळसा, बिगर-गॅस झाली अशी बातमी आली, ती खरी आहे आणि २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं हेही खरं. पण ती क्षमता आहे, प्रत्यक्षातली वीज नाही. युनिटमध्ये मोजलं तर अजून ७० टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे, कारण सोलर संध्याकाळी झोपतो आणि आपण टीव्ही-पंखे तेव्हाच लावतो. बॅटरी आणि पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून ठेवायचं, नंतर सोडून वीज काढायची) वाढल्याशिवाय हे सुटणार नाही. पण शेतीचा पंप हे एकच गिऱ्हाईक असं आहे की ज्याला दिवसाच वीज हवीये, म्हणून सोलर पहिल्यांदा शेतीलाच द्यायला हवा होता.

तर सोलरला विरोध करूच नये का? जरूर करावा, पण खऱ्या कारणासाठी. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, वय ८४, सोलर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला म्हणून खेटे घालून थकले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. ते गेले. ढग पळतात म्हणून नाही गेले, न्याय मिळाला नाही म्हणून गेले. राजस्थानात खेजडीची झाडं आणि ओरण (देवाच्या नावाने राखलेली रानं) राखण्यासाठी लोक भांडताहेत, माळढोक तारांना धडकून मरतो म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ही भांडणं खरी आहेत. कर्नाटकात पावगडला कंपनीने जमीन विकत न घेता एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्याने घेतली, मालकांना पैसा आला, पण त्या रानात रोजाने जाणाऱ्या मजुरांचं काम गेलं आणि त्यांना भाड्यातला रुपया मिळाला नाही. आपल्याकडे गायरानावर प्लँट टाकताना हाच प्रश्न येणार आहे. तिथे कोणाची शेळ्या-मेंढरं चरतात, कोण भूमिहीन माणूस वर्षानुवर्षं ती जमीन कसतोय, त्याचं काय, हे ग्रामसभेत कोणीच विचारत नाही कारण सगळी सभा ढगांवर बोलण्यात जाते. मेसेज बनवणाऱ्याचा हेतू मला माहीत नाही, पण परिणाम हाच होतो.

म्हणून अण्णांना आणि त्या तीन गावांतल्या लोकांना एवढं विचारायला सांगितलंय: जागा गायरान की खाजगी, गायरान असेल तर चराईला दुसरी जागा कुठे. खाजगी असेल तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ योजनेत आहे, ती करारात आकड्यासकट लिहिलीये का. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी मिळायचे पाच लाख कधी आणि कुठल्या खात्यात येणार. ओढ्याचं पाणी कुंपणाने अडणार नाही ना. आणि आपल्या फीडरला दिवसा किती तास वीज, हे महावितरणच्या साहेबाकडून तोंडी नको, लेखी.