परत झुरळं!!

रात्री दीडला पाणी प्यायला उठले, किचनचा लाइट लावला आणि ओट्यावरून चार झुरळं सरसर शेगडीखाली पळाली, परत! अहो गेल्याच महिन्यात जेल लावून घेतलंय, ट्रॉलीतली सगळी भांडी काढा, पुसा, परत लावा, अख्खा रविवार त्यात गेला. आणि आज मिक्सर उलटा केला तर खालच्या जाळीत बारकी बारकी पिल्लं वळवळतायत, अंगावर काटा आला नुसता, त्याच मिक्सरमध्ये मी लेकीची खिमटी बारीक करते हो.

मूळ कुठेय ते सगळ्यांना माहितीये, बाथरूममागची डक्ट. आम्ही एकट्याने करून काय होणार, ही लहान तपकिरी जर्मन झुरळं, मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवूनच फिरते, एका पिशवीत ३०-४० अंडी, म्हणजे पाइपच्या फटीतून तशी एक जरी आत आली की झालं. वरचे काका दर आठवड्याला स्प्रे मारतात, त्याने मरतात थोडी आणि बाकीची पळून आमच्याकडे उतरतात, कितीदा सांगितलं त्यांना.

कमिटीला तीनदा लिहून दिलं की सगळे फ्लॅट आणि डक्ट एकाच दिवशी करून घ्या, खर्च वाटून घेऊ. उत्तर काय, तर "हा ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे". वैयक्तिक कसा?? सात मजल्यांना पाइप एकच आहे ना!