रॉथकोची नक्कल? आधी बाजूने बघा

अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राला लिलावात मोठी किंमत आली की महाराष्ट्रातून ठरलेली कुरकुर सुरू होते: ‘यात काय आहे? रॉथकोची नक्कल!’ मार्क रॉथको म्हणजे रंगाचे मोठे, धूसर कडांचे चौकोन रंगवणारा अमेरिकी चित्रकार. बोलणाऱ्याने दोघांनाही मोबाइलवरच पाहिलेलं असतं. तिथे रंग आणि धूसर कडा एवढंच उरतं. मग सारखे दिसणारच.

हात बघा ना. रॉथको रंग पार पातळ करून ब्रशने थरावर थर चढवायचा. रंग कॅनव्हासमध्ये मुरतो, कडा विरतात. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या सुरीने) काम करत. फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून रोलर फिरवायचा, मग कागद उचलायचा. कुठे रंग बसतो, कुठे निघून येतो. करून बघा म्हणावं. रंग दाट राहिला तर रोलरखाली संत्र्याच्या सालीसारखा पोत उठतो. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन जास्त झालं तर तेल कमी पडतं आणि सुकल्यावर रंगाची भुकटी बोटाला लागते. खालचा थर तेलकट, वरचा कोरडा असं झालं की पुढे भेगा ठरलेल्या. हे थर बाजूने, तिरप्या उजेडात दिसतात.

शिवाय १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर रॉथकोच्या न्यूयॉर्कला जाण्याआधीच गायतोंड्यांनी आकृत्या सोडल्या होत्या. प्रभावच शोधायचा तर स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्लेचा शोधा, तो आधीचा.

इथे ॲम्स्टरडॅममध्ये नक्कल कोणी लपवत नाही. संग्रहालयात जाऊन बघा. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने जपानी चित्रकार हिरोशिगेच्या प्लमच्या बागेच्या छापचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा गिरवल्या, चौकोन आखून त्या कॅनव्हासवर मोठ्या केल्या, रंग भडक केले, शिवाय दोन्ही बाजूंच्या कडांवर जपानी अक्षरंही काढली. रेम्ब्रांटने तर मुघल लघुचित्रं आशियाई कागदावर उतरवून घेतली. या दोघांना ‘नकलाकार’ म्हणणारा डच माणूस मला तरी भेटलेला नाही. (इथल्या समकालीन चित्रकारांबद्दल काय बोलतात, तो विषय वेगळा.)

आता खरं सांगायचं तर इथला कोणी गायतोंड्यांना ‘इंडियन रॉथको’ म्हणाला की मी ऐकून घेतो. निदान नाव माहीत आहे, म्हणून सुखावतोही. तेच पुण्यातून आलं की डोकं सणकतं. पुण्याकडून अपेक्षा जास्त म्हणून, की इथल्यांची मर्जी सांभाळायची सवय लागली म्हणून, ते माझं मलाच ठरवता येत नाही.