मेगाब्लॉक म्हणजे मोटरमनची सुट्टी? त्या मेसेजचा समाचार

"रविवारच्या मेगाब्लॉकमागचं सत्य, जे रेल्वे कधीच सांगणार नाही" हा मुंबईच्या लोकलबद्दलचा मेसेज दर काही आठवड्यांनी नव्या लाल-हिरव्या खुणा लावून फिरतो. या खेपेला तो मावशीकडून आला. खाली तिने लिहिलं होतं, "बरं झालं कळलं, रविवारी भांडुपला पूल चढायला नको." गुडघे दुखणाऱ्या बाईला रुळात उतरवणारा मेसेज हसून सोडून देता येत नाही.

त्यात दावे पाच. मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रुळांवरची वाहतूक थांबवणं, हा मोटरमन-गार्डना सुट्टी देण्याचा बहाणा आहे. खरं काम असतं तर ते रात्री केलं असतं, जपानमध्ये करतात तसं. ब्लॉकच्या वेळी फास्ट रुळांवर गाडी नसते आणि करंटही बंद असतो, म्हणून रूळ ओलांडायला हरकत नाही. ब्लॉकच्या दिवशी टीसीला दंड घेता येत नाही. आणि शेवटी एक चौकट : "पुढच्या रविवारपासून हेच कायमचं वेळापत्रक."

आधी रूळ ओलांडण्याचं बघू, कारण बाकी दाव्यांनी फार तर डोकं दुखेल, याने माणूस जाईल.

मध्य रेल्वेचं ब्लॉकचं पत्रक एकदा नीट वाचा. नेहमीचा ब्लॉक माटुंगा ते मुलुंड, अप (सीएसएमटीकडे जाणाऱ्या) आणि डाउन (तिथून येणाऱ्या) फास्टवर, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. त्यात पुढे स्पष्ट असतं की डाउन फास्ट गाड्या माटुंग्याला स्लो मार्गावर वळवल्या जातील, सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडला थांबतील आणि पुढे परत फास्टवर येतील. म्हणजे गाड्या गायब होत नाहीत, शेजारच्या रुळावर जातात. भांडुपला रूळ सहा : दोन स्लो, दोन फास्ट आणि पाचवी-सहावी लाइन. ब्लॉक त्यातल्या दोनच रुळांवर. त्या 'मोकळ्या' फास्ट रुळांपर्यंत पोचायला पश्चिमेकडून आधी स्लो ओलांडावी लागते, जिच्यावर त्या दिवशी स्लो आणि फास्ट दोन्हींची वाहतूक असते. फास्ट पार केली की पुढे पाचवी-सहावी, तिथे मेल-एक्सप्रेस. रोज रूळ ओलांडणाऱ्याला गाड्यांचा जो अंदाज असतो, तो नेमका रविवारी चुकतो.

आता 'मोकळ्या' रुळांवर काय असतं तेही ऐका. खडी दाबून रूळ समतल करणारं टॅम्पिंग मशीन, खडी आणि रूळ वाहणारी मटेरियल ट्रेन, ओव्हरहेड तार दुरुस्त करणारी टॉवर वॅगन. ही यंत्रं डिझेलवर चालतात, तारेतला करंट बंद असला तरी धावतात. आणि ब्लॉक घेतलेल्या भागात ती दोन्ही दिशांनी येतात. डाउन रुळावर गाडी कायम एकाच बाजूने येते ही सवय तिथे घातक ठरते. ब्लॉक लवकर सुटू शकतो, उशिरा सुरू होऊ शकतो, ऐनवेळी रद्दही होतो. तो सुटल्याची खबर कंट्रोल रूमला आणि स्टेशन मास्तरला असते, रुळात उभ्या माणसाला नसते.

"करंट बंद" हे तर आणखी अर्धवट. गाड्या थांबवायचा ट्रॅफिक ब्लॉक वेगळा आणि तारेतली वीज बंद करायचा पॉवर ब्लॉक वेगळा. पहिला आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही. दुसरा असला तरी वीज कामाच्या तेवढ्या भागातच बंद होते, आणि शेजारची २५,००० व्होल्टची चालू तार बंद तारेतही विजेचा दाब निर्माण करते. म्हणून कर्मचारी कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड (तारेतली वीज जमिनीत सोडणारी दांडी) लावल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत. मुळात रूळ ओलांडणाऱ्याला तारेची भीती नसतेच, भीती गाडीची. करंटचा मुद्दा इथे फक्त धीर देण्यापुरता घुसडला आहे. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रुळात शिरणं हा गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्लॉकच्या दिवसाची सूट त्यात नाही.

"काम असतं तर रात्री केलं असतं." हा प्रश्न म्हणून रास्त आहे, दावा म्हणून नाही. सीएसएमटीहून शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटते. कर्जत तिथून १०० किमी, कसारा १२१. ती पोचेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जातो, आणि थोड्याच वेळात पहाटेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या घाट उतरून कल्याणकडे येऊ लागतात. फास्ट मार्गावर लोकल नसली तरी मेल आणि मालगाड्या असतात. कुर्ला-ठाणे पट्ट्यात लोकल नसलेला वेळ जेमतेम तीन तासांचा.

त्यातला कामाचा वेळ किती? आधी शेवटची गाडी पुढे गेल्याची खात्री, मग साइडिंगमधून (बाजूला उभं करायच्या रुळावरून) मशीन आणणं, पॉवर ब्लॉक, अर्थिंग. शेवटी हेच उलट्या क्रमाने, वर हत्यारं मोजून घेणं, सिग्नलची चाचणी आणि रूळ सुरक्षित असल्याची लेखी खात्री. दोन्ही टोकांना मिळून तासभर सहज जातो. रात्रीच्या तीन तासांतले उरले दोन, रविवारच्या पावणेपाच तासांतले पावणेचार.

दोन तासांत रुळाचा एखादा सांधा थर्मिटने जोडून होतो : रुळाची टोकं तापवायची, वितळलेला धातू ओतायचा, उरलेला कापून घासायचा. ओतल्यावर किमान अर्धा तास त्यावरून गाडी सोडत नाहीत. पण गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा पॉइंट आख्खा बदलायचा असेल तर दोन तासांत फक्त जुना उचलून होईल. नवा बसवायचा, खडी भरून दाबायची, पॉइंट मशीन जोडायचं, मग टंग रेल (पॉइंटचा सरकणारा रूळ) आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिमीची पट्टी धरून बघायचं. पट्टी असतानाही पॉइंट लॉक होत असेल तर तो नापास, पुन्हा जुळवा. ही चाचणी घाईत उरकली की पुढे भर गर्दीत 'पॉइंट फेल्युअर' ऐकायला मिळतं, आणि तेव्हा हाच मेसेज पाठवणारे रेल्वेला शिव्या घालतात.

खडी चाळण्याचं काम तर आणखी वेळखाऊ. रुळाखालची खडी मातीने भरली की पाणी निचरत नाही, आणि पावसाळ्यात रूळ बसतो. चाळून झाल्यावर रूळ लगेच पूर्ण वेगाने वापरता येत नाही, सुरुवातीला ताशी २० किमीची मर्यादा घालून ती टप्प्याटप्प्याने उठवतात. ब्लॉकनंतर संध्याकाळीही गाडी रेंगाळते ती बरेचदा यामुळे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने का होईना. रात्री काम होतच नाही असं नाही. पश्चिम रेल्वे अनेकदा शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री ब्लॉक घेते आणि रविवारचा दिवस सोडते. जानेवारी २०२५ मध्ये माहीम-वांद्रे दरम्यानच्या मिठी नदीवरच्या पुलाचं काम तिने दोन लांबलचक रात्रींत केलं. पण तेव्हाही रात्रीच्या आणि पहाटेच्या शेकडो लोकल रद्द कराव्या लागल्या, फुकटात काही झालं नाही. मध्य रेल्वेनेही रात्रीचं प्रमाण वाढवावं ही मागणी योग्यच आहे. पत्रकात लिहिलेली '१५ मिनिटं उशीर' प्रत्यक्षात वाढते आणि फलाटावरची घोषणा गाडी गेल्यावर होते, हीही तक्रार खरी. त्यातून सुट्टीचं कारस्थान मात्र निघत नाही.

जपानचं उदाहरण तर मेसेजच्याच अंगावर उलटतं. तिथली बुलेट ट्रेन शिंकान्सेन मध्यरात्री ते सकाळी सहा धावतच नाही, रोज सहा तास रूळ दुरुस्तीला मोकळा. आपल्याकडे रोज रात्री बारा ते सहा लोकल बंद ठेवायच्या का? पहाटे माल उचलायला निघालेल्या मासळीवाल्या बायकांना विचारून मग सांगा.

मोटरमनच्या सुट्टीबद्दल एवढंच : रविवारी वेळापत्रक सुट्टीचं असतं आणि गाड्या मुळातच कमी असतात, ब्लॉक असो वा नसो. ब्लॉकमध्ये गाडी रखडते, म्हणजे मोटरमनची ड्यूटी लांबते. आणि ट्रॅकमन, सिग्नलवाले, ओव्हरहेडवाले रणरणत्या उन्हात खडीवर उभे असतात.

दंडाचा दावा अर्ध्या माहितीतून आला आहे. हार्बर मार्गावर ब्लॉक असला की हार्बरच्या प्रवाशांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ पर्यंत ठाणे-वाशी/नेरुळ मार्गे जायची परवानगी पत्रकात दिलेली असते. हातात हार्बरचं तिकीट किंवा पास मात्र हवाच. तिकीटच नसेल तर भाडं आणि वर किमान २५० रुपये, रविवार असो की सोमवार.

'कायमचं वेळापत्रक' ही चौकट कुठल्यातरी जुन्या ब्लॉकपत्रकाची कापलेली प्रत आहे, वरची तारीख तेवढी गेली. पत्रकात तारीख, दोन स्टेशनं, अप की डाउन, फास्ट की स्लो आणि सुरू-बंद वेळ असे पाच तपशील असतात. यातला एकही कमी असेल तर त्या कागदावर प्रवास ठरवू नका. फास्टवर ब्लॉक असेल आणि तुम्हाला विद्याविहार, कांजूरमार्ग किंवा नाहूरला उतरायचं असेल, तर स्लो मार्गावर वळवलेली फास्ट तिथे थांबेल असं धरू नका, थेट स्लोच पकडा. स्लोवर ब्लॉक असेल तर घाटकोपर किंवा भांडुपला उतरून रिक्षा करा, आणि पूल चढा.