लाटण्याने पाऊस पडत नाही, हे खरंच

‘जुना गोरेगावकर’ यांस, सप्रेम नमस्कार.

गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून चार दिवस उत्तर द्यायचं टाळलं. आता राग गेलाय. उलट एका ठिकाणी तुमचंच बरोबर आहे, तिथून सुरुवात करते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं, की मृणालताई मोर्चेवाल्या होत्या (महागाईविरुद्ध हातात लाटणी घेतलेल्या बायकांचे ते मोर्चे), त्यांना ‘आर्थिक विचार’ चिकटवणं म्हणजे भक्ती. 1972 ची महागाई दुष्काळाने आली, पुढची तेलाने आली, आणि ‘लाटणं आपटून पाऊस पडत नाही’. भाव बांधले की काळा बाजार होतो. जमिनीवर कमाल मर्यादा घातली की घरं महाग होतात. एन्रॉन, म्हणजे दाभोळला वीजप्रकल्प उभारणारी अमेरिकन कंपनी, घालवून महाराष्ट्राचं नुकसान केलं. आणि शेवटी, जे तुम्ही सगळ्यात कमी शब्दांत लिहिलंत, तुमच्या वडिलांचं रेशनचं दुकान होतं, त्यांना या बायकांनी घेराव घातला होता, आणि ते साठेबाज नव्हते.

माझी चूक आधी. ‘लाटण्यांनी भाव उतरले’ असं मी लिहिलं होतं. ते नुसतं खोटं आहे. 1972 साली महागाई प्रतिकार समिती निघाली, मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई एका व्यासपीठावर आल्या (समाजवादी आणि दोन्ही कम्युनिस्ट एकत्र, हेच केवढं!), आणि त्यानंतरची दोन वर्षं भाव चढतच गेले. 1974-75 मध्ये घाऊक भावांची वाढ 25 टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे मोर्च्यांनी भाव उतरले नाहीत. वाक्य काढून टाकलंय.

मग त्या मोर्च्यांनी केलं काय? इथे आपलं पटत नाही.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमच्या रॉकेलच्या रांगेत पहाटे माणसं नसायचीच, डबे असायचे. कुणाचा पोस्टमन तेलाचा रिकामा डबा, कुणाचा कान तुटलेला कॅन, आणि ज्याच्याकडे जादा डबा नाही त्याची अर्धी वीट. सगळ्यांच्या कड्यांतून एक सुतळी ओवलेली, म्हणजे मधे कुणी घुसू नये. दुकान उघडलं की माणसं यायची, डबे जिवंत व्हायचे. अर्ध्या रांगेला रॉकेल मिळायचं आणि मग फळी लागायची. सकाळी ‘संपलं’ म्हणून परत पाठवलेली बाई संध्याकाळी त्याच गल्लीत कुणाच्या तरी घरी रॉकेलचा वास घ्यायची. आजीने आईला मोर्च्याला जायची परवानगी दिली ती राजकारण कळत होतं म्हणून नाही. वातीचा स्टोव्ह आजीलाही पेटवायचा होता.

तुम्ही म्हणता, भाव मोकळा सोडला असता तर माल आला असता. गव्हाच्या बाबतीत हे मला पटतं. एप्रिल 1973 मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, शेतकऱ्याने गहू घरात ठेवला, आणि वर्षभरात सरकारला तो निर्णय गुंडाळावा लागला. भाव बांधण्याच्या बाजूने तेव्हा समाजवादीही होते, आणि त्याबद्दल त्यांना चार शब्द ऐकवायचे असतील तर खुशाल ऐकवा. पण रॉकेल म्हणजे गहू नव्हे. ते पुढच्या हंगामात पेरून येत नाही. तेल बोटीने येणार, बोट किती यायच्या ते दिल्ली ठरवणार, आणि ऑक्टोबर 1973 नंतर काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महाग झालेलं. गोरेगावात भाव दुप्पट केला म्हणून बंदरात एक बोट जास्त लागली नसती. आहे त्यातून कुणाचा डबा आधी भरायचा, एवढंच ठरलं असतं.

मृणालताईंचा आर्थिक विचार म्हणाल तर तो मला इथे दिसतो. टंचाई आहे ना, कबूल. मग ती वाटायची कशी? साठा किती आला, कुणाला गेला, कुणाच्या वाट्याची फळी लागली, हे आम्हाला दाखवा. पाऊस पाडा असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या.

तुम्हाला पाण्याचं आठवत असेल. 1860 साली मुंबईला नळाचं पहिलं पाणी मिळालं ते विहार तलावातून, आणि हा तलाव आपल्या आरे कॉलनीच्या पाठीशी. पुढे आरेचं दूधही शहरात जाऊ लागलं. पाणी आपल्या उशाला, दूध आपल्या अंगणात, आणि दोन्ही जायचं दक्षिणेकडे. 1957 पर्यंत गोरेगाव मुंबईच्या हद्दीतसुद्धा नव्हतं, ग्रामपंचायत होती, आणि डॉक्टरीचं शिक्षण अर्धवट सोडून सेवादलातून समाजवादी पक्षाच्या कामात उतरलेली ही बाई त्या पंचायतीतून राजकारणात आली. 1958 मध्ये नवरा, केशव (बंडू) गोरे, गेले तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी. 1961 ला नगरसेवक. पुढचं ‘पाणीवाली बाई’ प्रकरण (झोपड्यांच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून पडलेलं नाव) सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातली मेख काय होती? महापालिका म्हणे, झोपडी अनधिकृत आहे, नळ कसा देऊ. त्या म्हणत, झोपडीचं काय ते तुम्ही बघा, तहान अधिकृतच आहे. (हे त्यांचं वाक्य नव्हे, माझं. पण मुद्दा त्यांचा.) पाणी हा घरमालकीला जोडलेला हक्क नाही, हे म्हणणं भावनेचं वाटतं. हिशेबाने बघा. ज्याला नळ नाही तो पाणी विकत घेतो, हंड्यावर. शहरात पाण्याला सगळ्यात जास्त भाव देणारा माणूस झोपडीतला. बाजारभाव तर तोच देत होता! सवलत मिळत होती ती नळवाल्यांना, म्हणजे तुम्हाला आणि मला.

1972 ला त्या आमदार झाल्या, आणीबाणीत आधी भूमिगत आणि मग तुरुंगात, 1977 ला उत्तर मुंबईतून लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे हरलेल्या इंदिरा गांधी) पाण्यात’ ही घोषणा तुम्हीही दिली असेल, तुमचं वय पाहता. 1985 ला पुन्हा विधानसभा, तिथे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. ‘कारकीर्द म्हणजे आंदोलनांची यादी’ असं तुम्ही म्हटलंय, त्यावर वाद घालत नाही. सत्तेची खुर्ची त्यांना लाभली नाही, म्हणून त्यांच्या विचाराची परीक्षाही पूर्ण झाली नाही. ही उणीव आहेच.

एक परीक्षा मात्र झाली. गोरेगावजवळच्या दिंडोशीच्या घरांची.

जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा 1976 चा. मुंबईत 500 चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन जादा धरायची आणि ती घरांसाठी वापरायची, असं कागदावर. प्रत्यक्षात जमीन ताब्यात आली थोडी आणि सवलती सुटल्या भरपूर. जमीन अडकली, घरं झाली नाहीत, भाव चढले. तुमचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य. 2007 मध्ये महाराष्ट्राने कायदा मोडीत काढला तेव्हा मीही रडले नाही. पण मृणालताई, बाबूराव सामंत, कमल देसाई यांनी नागरी निवारा परिषद काढून केलं काय, तर कायद्यात जे लिहिलंय ते अक्षरशः मागितलं. जादा जमीन आहे ना, मग ती द्या. वर्षानुवर्षं मंत्रालय आणि कोर्ट. त्यातून दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांच्या आसपास घरं उभी राहिली. घराच्या किमतीतून जमिनीचा बाजारभाव आणि बिल्डरचा नफा वजा केला तर खाली काय उरतं, हे या शहरात विटा-सिमेंटमध्ये करून दाखवलेली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जे नाव असेल ते असो.

‘आता तीच घरं मोठ्या भावाला विकली जातात’, हा तुमचा टोला लागला. लागायलाच हवा. पहिल्या मालकाला जे स्वस्तात मिळालं त्याचा फायदा दुसऱ्या गरजूला न जाता त्याच्याच खिशात गेला. जमीन बाजारातून काढता येते, पण घर एकदा माणसाच्या नावावर झालं की ते आपणहून बाजारात परत चालत जातं. याला उत्तर परिषदेकडे होतं असं मला वाटत नाही.

एन्रॉनवर फार लिहीत नाही. 1993 चा करार, 1995 ला रद्द, फेरबोलणी, 1999 ला वीज सुरू, 2001 ला बंद. वीज घ्या न घ्या, वीज मंडळाने ठराविक रक्कम मोजायचीच, वर डॉलर चढला की तीही चढणार. माधव गोडबोले समितीने 2001 मध्ये या व्यवहाराबद्दल जे लिहिलं ते वाचा आणि मग कुणी महाराष्ट्राचं नुकसान केलं ते सांगा. मृणालताई सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्या आंदोलनात उतरल्या होत्या.

तुम्ही विचारायला हवा होता असा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मला घरातच भेटला. माझा मामा लासलगावकडे कांदा लावायचा. बहीण मुंबईत महागाईविरुद्ध थाळी वाजवणार आणि भाऊ तिकडे कांदा कवडीमोलाने घालून बैलगाडी रिकामी घेऊन येणार. 1980 ला शेतकरी नेते शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन केलं तेव्हा मामा आईला म्हणाला, “ताई, तुझं स्वस्त कोण भरतं ते कळलं का?” आई म्हणाली, “तुला मिळतात पैसे आणि मला पडतो रुपया. मधलं कोण खातं ते विचारायलाच गेले होते.” आईचं वाक्य मी बरीच वर्षं मिरवलं. पण ते अर्धंच उत्तर आहे. मधला दलाल खातो हे खरं, तसंच शहरात ओरड झाली की सरकार निर्यात बंद करतं आणि मामाचा कांदा साठवणीच्या चाळीत सडतो, हेही खरं. गृहिणीची थाळी सरकारला ऐकू येते, कारण ती मंत्रालयाजवळ वाजते. मृणालताईंच्या हिशेबाच्या वहीत शेतकऱ्याचं पान होतं का? होतं असणार, दुष्काळावर त्या बोलत होत्याच. पण ते पान आणि रॉकेलचं पान एकमेकांशी जुळवलेलं मला कुठे सापडलं नाही.

राहिले तुमचे वडील. ते साठेबाज नव्हते असं तुम्ही म्हणता, मी मानते. दुकानदार हा साखळीतला शेवटचा माणूस, आणि रांगेला दिसतो तोच एकटा. वरून डेपोतून किती आलं हे बायकांना कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांच्या तोंडी तो सापडला. त्या दिवशी आई तिथे होती का, मला माहीत नाही. असेलही.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची रजिस्टरं अजून माळ्यावर आहेत. 1973 आणि 1974 ची असतील तर रॉकेलची पानं बघाल का? गाडी कोणत्या वाराला आली, किती लिटर उतरलं, किती कार्डांना गेलं. फोटो पाठवलेत तर नाव-पत्ता झाकून या लेखाखाली लावते. आकडे आईच्या विरुद्ध गेले तरी.