तपकिरी डाग म्हणजे तळणाविरुद्धची साक्ष नव्हे

यकृताच्या छेदाचे (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापाचे) तपकिरी डागांनी भरलेले एक चित्र सध्या गोव्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्याखालचा मजकूर असा: ‘पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तळलेल्या बांगड्याने जाळलेली प्रथिने प्रतिपिंडाने पकडली, जिथे तपकिरी, तिथे तेलाचे नुकसान.’ तेच तेल वारंवार तापवू नये, हा सल्ला योग्य आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत १ जुलै २०१८पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर (तेल तापवत राहिल्याने वाढणाऱ्या विघटित घटकांवर) २५ टक्क्यांची मर्यादाही आहे. परंतु हा सल्ला या चित्रावर उभा करता येत नाही.

‘पकडली’ या शब्दापासूनच सुरुवात करू. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन. मेदाच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा छेदात शोधायला सर्रास वापरले जाणारे प्रतिपिंड तेलही ओळखत नाही आणि कढईही. ४-हायड्रॉक्सिनोनेनल हा अल्डिहाइड (एक क्रियाशील कार्बनी संयुग) प्रथिनातील हिस्टिडिन, सिस्टीन किंवा लायसिन या अमिनो आम्लांना चिकटला की जी जोडणी तयार होते, तेवढीच ते ओळखते. यकृताच्या मेदाच्या ऑक्सिडीकरणातून निघणारा विषारी पदार्थ म्हणून १९८० मध्ये ओळखला गेलेला हा अल्डिहाइड ओमेगा-६ मेदाम्लांपासून निरोगी माणसाच्या पेशीपटलातही थोडाथोडा बनत असतो आणि मद्य, दाह किंवा साठलेले लोह यांमुळे वाढतो. (आपल्या खोबरेलात तर लिनोलेइक हे ओमेगा-६ आम्ल जेमतेम दोन टक्के असते.)

‘जिथे तपकिरी, तिथे नुकसान’ हे वाक्य अधिक फसवे, कारण ते डोळ्यांना लगेच पटते. तो रंग मुळात पहिल्या प्रतिपिंडाचा नसतोच: त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाला जोडलेले पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) डायअमिनोबेंझिडिन या छेदावर घातलेल्या रसायनाचे तपकिरी द्रव्य बनवते, आणि तशीच क्रिया रक्तपेशीही करू शकतात, ज्यांची यकृतात वाण नसते. म्हणून छेदाला आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन रक्तपेशींची ही क्रिया थांबवावी लागते, पहिले प्रतिपिंड न घातलेला एक छेद तुलनेसाठी शेजारी ठेवावा लागतो, आणि हायड्रॉक्सिनोनेनल जोडलेल्या अल्ब्युमिन या प्रथिनात आधीच मुरवलेले प्रतिपिंड वापरल्यास रंग मावळतो की नाही, हेही पाहावे लागते. उलट, ऊतक टिकवण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मलिन स्वतःच लायसिनला जोडले जाणारे असल्यामुळे ते ओळखीची जागा झाकूही शकते. तेव्हा रंग न दिसणे हाही निर्दोषत्वाचा दाखला नाही.

बांगड्याला यात गोवणे मात्र निव्वळ अज्ञान आहे. त्याच्या ओमेगा-३ मेदाम्लांपासून ४-हायड्रॉक्सिहेक्सेनल हा निराळा अल्डिहाइड बनतो, आणि हायड्रॉक्सिनोनेनलसाठी निवडलेले प्रतिपिंड त्याची दखल घेईलच असे नाही. फिरणाऱ्या चित्रात तर तुलनेचा छेद नाही, प्रतिपिंडाचे नाव नाही, आणि ते यकृत माणसाचे की उंदराचे, एवढेही कोणी लिहिलेले नाही.